आधी स्कोअर सांगा : क्रिकेट समालोचकांना आणि निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
क्रिकेटचं इंग्रजी समालोचन करणारे, त्याचे निर्माते आणि प्रक्षेपणाचे हक्क घेणाऱ्या वाहिन्या

स. न. वि. वि.

जुन्या इंग्रजी कॉमेंट्रीचा विषय निघाला की आधी आवाज आठवतात. जॉन आर्लट यांचा हॅम्पशरच्या मातीतला संथ, खरखरीत सूर. ब्रायन जॉन्स्टन यांचं अनावर हसू. रिची बेनॉ यांचं मोजूनमापून बोलणं. या आवाजांवर आमचं मनापासून प्रेम आहे. पण नुसत्या आवाजांच्या आठवणी काढत राहिल्यानं एक गैरसमज घट्ट झालाय, की ती माणसंच वेगळी होती आणि आता तसं होणे नाही. ती गुणी होतीच. पण त्यांच्या बोलण्याखाली एक शिस्त होती. ती विचार करून बसवलेली होती, तिची उजळणी व्हायची, आणि चुकलं तर त्यावर बोलणी खावी लागायची. शिस्त शिकता येते. ती तुम्ही परत आणावी, निदान एका ऑडिओ-पर्यायापुरती तरी, एवढ्यासाठी हे पत्र.

बीबीसीवर क्रिकेटचं धावतं समालोचन पहिल्यांदा झालं ते १४ मे १९२७ रोजी, लेटनच्या मैदानावरून. एसेक्स विरुद्ध दौऱ्यावर आलेला न्यूझीलंडचा संघ, आणि माइकसमोर एसेक्सकडून खेळलेले रेव्हरंड फ्रँक गिलिंगहॅम. या कामाला खरं वळण लागलं ते तिशीच्या दशकात. एकीकडे हॉवर्ड मार्शल यांनी संथ, स्वच्छ बोलून दाखवलं, आणि दुसरीकडे बाह्यप्रक्षेपण विभागाचे प्रमुख सेमूर द लॉत्बिनियेर यांनी समालोचनाचं शिक्षणच सुरू केलं. सगळे त्यांना 'लॉबी' म्हणत. त्यांची शिकवण पिरॅमिडच्या आकाराची होती. टोकावर सर्वांत आधी लागणारी माहिती : सामना कुठला, खेळतंय कोण, स्कोअर काय. मग खाली उतरत विस्तार करायचा : डाव इथवर कसा आला, खेळपट्टी, हवा, प्रेक्षक, मैदानाचं रूप. सोमवारच्या बैठकीत आठवड्यातल्या प्रक्षेपणांची चिरफाड व्हायची. कोण काय विसरला, कुणी काय उगाच सांगितलं, सगळं तिथे निघायचं.

टोकावर स्कोअरच का? कारण श्रोता कधीही येतो. कुणी दुकान बंद करून रेडिओ लावतो, कुणी बसमधून उतरल्यावर. ज्याला स्कोअर कळलेला नाही, त्याचं तुमच्या सुंदर वर्णनाकडे लक्षच नसतं. तो मनात 'किती झाले, किती गेले' एवढंच विचारत असतो.

आता एका चेंडूचा हिशेब पाहा. कसोटीत दिवसाला ९० षटकं, म्हणजे ५४० चेंडू, आणि खेळ सहा तासांचा. एका चेंडूच्या वाट्याला सरासरी ४० सेकंद येतात. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत पोचायला लागतो साधारण अर्धा सेकंद. त्यामुळे चेंडू सुटल्यावर वाक्य सुरू केलं तर उशीर झालेला असतो. रेडिओचं वाक्य रनअपबरोबर सुरू व्हायला हवं : गोलंदाज कोण, कुठल्या एंडकडून, समोर कोण. तो अंपायरला ओलांडतो तेव्हा समालोचकाचा आवाज जागेवर असला पाहिजे, श्वास घेऊन झालेला असला पाहिजे. चेंडू सुटला की क्रम ठरलेला : टप्पा कुठे, फलंदाज पुढे आला की मागे गेला, चेंडू कुठे गेला, अडवला कुणी, धावा किती. मग स्कोअर. आणि मग, उरलेल्या तीसेक सेकंदांत, मैदानावरची कबुतरं, आकाशातले ढग, बाहेरून जाणारी बस.

हा क्रम उलटला की काय होतं ते आज रोज ऐकू येतं. प्रेक्षकांचा गलका होतो, समालोचक 'ओऽऽह!' करून ओरडतो, शेजारचे दोघे त्यात आवाज मिसळतात, आणि ऐकणाऱ्याला दोन-तीन सेकंद पत्ता नसतो की विकेट पडली, झेल सुटला की षटकार गेला. दूरचित्रवाणीवर हे खपून जातं, कारण चित्र दिसतं. कानांनी सामना पाहणाऱ्याची मात्र त्या तीन सेकंदांत फसवणूक होते.

क्रम सांभाळला की काय साधतं याचा नमुना म्हणून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीतला २३ ऑगस्ट १९३८ चा ओव्हलचा तुकडा ऐका. लेन हटन ब्रॅडमनचा ३३४ धावांचा विक्रम ओलांडतो तो क्षण. हॉवर्ड मार्शल आधी गोलंदाज फ्लीटवुड-स्मिथचं नाव घेतात, मग हटनचा फटका, लगेच विक्रम झाल्याची बातमी, आणि मग त्या कटचं आणि सीमारेषेकडे सुसाट गेलेल्या चौकाराचं वर्णन. त्यानंतर मैदानाचा जल्लोष. मार्शल यांचा सूर चढतो, पण शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. हटन पुढे ३६४ वर बाद झाला, तेव्हा खेळपट्टीवर त्याचे १३ तासांहून जास्त गेले होते.

त्याच मालिकेत चेंडूच्या या ठरलेल्या वाक्याची आणखी एक परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियात सामना थेट ऐकू येण्याची खात्री नव्हती, म्हणून सिडनीच्या स्टुडिओत बसून इंग्लंडहून येणाऱ्या तारांवरून कॉमेंट्री केली जायची. षटकागणिक सांकेतिक भाषेतली तार यायची, ती उलगडून समालोचकाच्या हातात दिली जायची, टाळ्यांच्या तबकड्या लावल्या जायच्या, आणि बॅटच्या आवाजासाठी लाकडावर पेन्सिल टकटकवली जायची. ॲलन मॅकगिलव्रे याच कामातून पुढे आले. तार अडकली तर खेळ थांबवणारं काहीतरी निमित्त शोधून वेळ काढावा लागायचा. एका षटकाच्या सहा-आठ शब्दांतून अख्खं षटक उभं करता यायचं, कारण चेंडूच्या वाक्याचा साचा पक्का होता.

आर्लट यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यांच्या समालोचनाची सुरुवात भारतीय श्रोत्यांसाठी झाली. ते साउदॅम्प्टनला पोलिसात होते, कविता लिहायचे, आणि १९४५ मध्ये बीबीसीत साहित्यविषयक कार्यक्रमांचे निर्माते झाले. १९४६ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान थोरले पतौडी, संघात विजय मर्चंट, विजय हजारे, विनू मंकड. बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेला भारतात ऐकवण्यासाठी समालोचक हवा होता, आणि आर्लट त्या कामावर गेले. उच्चारांच्या बाबतीत तेव्हाची बीबीसी काटेकोर. त्यांचा ग्रामीण आवाज लॉबींना पटला नव्हता आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलंही, पण डोकं चांगलं चालतं म्हणून ठेवून घेतलं.

या माणसाला लोक कवी म्हणून आठवतात. पण १४ ऑगस्ट १९४८ ची ध्वनिफीत नीट ऐका. ब्रॅडमन ओव्हलवर शेवटचा कसोटी डाव खेळायला आलेला, एरिक हॉलिसचा दुसराच चेंडू, आणि त्रिफळा. आर्लट सर्वांत आधी काय म्हणतात? ब्रॅडमन त्रिफळाचीत हॉलिस, शून्य. धावफलकावरची नोंद, जशीच्या तशी, आणि ती पुन्हा एकदा. त्यानंतर थोडं थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखं विचारतात : ज्या मैदानावर आयुष्यातलं मोठं क्रिकेट खेळलात, तिथे शेवटच्या कसोटीत प्रतिस्पर्ध्यांनीच भोवती उभं राहून जयजयकार केला, तर चेंडू स्वच्छ दिसत असेल का? दिसत तरी असेल का? सरासरीचा एकही आकडा नाही. बातमी आधी, काव्य नंतर. काव्य लागू पडतं ते बातमी पोचलेली असते म्हणून.

१९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात क्लाइव्ह लॉइडनं लॉर्ड्सवर १०२ धावा कुटल्या तेव्हा एका फटक्याचं वर्णन त्यांनी केलं ते काठीनं काटेरी रोपाचं बोंड उडवत जाणाऱ्या माणसाचं. एवढंच, आणि लगेच पुढचा चेंडू. आणि २ सप्टेंबर १९८० चा निरोप. लॉर्ड्सवरची शताब्दी कसोटी, आर्लट यांची शेवटची पाळी. षटक संपलं. त्यांनी सांगितलं ते असं : ६९ ला २, षटकात नऊ धावा, बॉयकॉट २८, गॉवर १५, ट्रेव्हर बेली यांच्यानंतर बोलतील ख्रिस्टोफर मार्टिन-जेन्किन्स. निरोपाचं भाषण नाही. मैदानावर घोषणा झाली तेव्हा खेळाडूंनीही टाळ्या वाजवल्या, आणि बॉयकॉटनं त्यासाठी हातमोजा काढला.

एका पाळीची लांबी किती असावी हेही ठरलेलं होतं : २० मिनिटं. १९५७ मध्ये, रॉबर्ट हडसन यांच्या सुचवण्यावरून, 'टेस्ट मॅच स्पेशल' हा बीबीसी रेडिओचा कार्यक्रम सुरू झाला आणि ३० मे रोजी एजबॅस्टनवरून पहिल्यांदा प्रत्येक चेंडू सांगण्याचं बीबीसीनं ठरवलं. तोवर दिवसातले काही तुकडेच प्रक्षेपित व्हायचे. नशीब असं की त्याच सामन्यात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी ४११ धावांची भागीदारी केली आणि वेस्ट इंडिजच्या सॉनी रामाधीननं एका डावात ९८ षटकं टाकली. एवढा खेळ चेंडूगणिक सांगायचा तर माणूस ताजा राहायला हवा. वीस मिनिटांनंतर शब्द तेच तेच यायला लागतात, डोळा सैल होतो. म्हणून पाळ्या.

दुसरी रचना समालोचक आणि तज्ज्ञ यांच्या वाटणीची. चेंडू सांगायचा तो एकानंच. तज्ज्ञानं बोलायचं ते षटक संपल्यावर किंवा विकेट पडल्यावर, आणि गोलंदाज रनअपच्या खुणेवर वळला की वाक्य अर्धं राहिलं तरी थांबायचं. फ्रेड ट्रूमन आणि ट्रेव्हर बेली यांनी १९७४ पासून १९९९ पर्यंत हे काम केलं. बेली तीन शब्दांत निकाल द्यायचे, ट्रूमन यॉर्कशरच्या ठसक्यात तक्रारी करायचे, आणि या दोघांच्या फरकानंच ऐकणाऱ्याला दोन बाजू मिळायच्या. हेच ते ट्रूमन, ज्यांनी १९५२ मध्ये हेडिंग्लेच्या पदार्पणातच भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार अशी अवस्था करण्यात तीन बळी घेतले होते. पंकज रॉय, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर त्यांचे, दत्ता गायकवाड बेडसरचा. असा माणूस वेगवान गोलंदाजीवर बोलायचा तेव्हा त्याला मध्ये तोडावंसं वाटत नसे, तरी गोलंदाज वळला की तोही थांबायचा.

इथेच आजचा मोठा बिघाड आहे. आर्लट, जॉन्स्टन, मार्टिन-जेन्किन्स यांच्यापैकी एकही जण प्रथमश्रेणी सामना खेळलेला नव्हता. त्यांचं कौशल्य शब्दांचं होतं, आणि खेळाडूचं कौशल्य शेजारी बसलेल्याकडे होतं. आज दोन्ही कामं माजी खेळाडूंनाच दिली जातात. बॉक्समध्ये, म्हणजे समालोचनाच्या खोलीत, तिघे बसतात, तिघेही तज्ज्ञ, आणि चेंडू सांगणारा कुणीच नाही. मग गप्पा चालू असतात आणि चेंडू मध्येच येऊन जातो. दोष त्या खेळाडूंचा नाही. त्यांना चेंडू सांगायला कुणी शिकवलेलंच नसतं.

त्यात जाहिरातीनं षटकांमधली जागा खाल्ली. पूर्वी ती जागा तज्ज्ञाची होती. आता षटक संपलं की जाहिरात, आणि परत येईपर्यंत गोलंदाज निम्म्या रनअपमध्ये. मग तज्ज्ञ आपलं म्हणणं चेंडू चालू असतानाच मांडणार, दुसरं काय करणार? निर्मात्यांनो, हा हिशेब तुमच्या हातात आहे, समालोचकाच्या नाही.

बॉक्समधला तिसरा माणूस म्हणजे स्कोअरर. आर्थर रिगली, रॉय वेबर, आणि १९६६ पासून २००९ मध्ये निधन होईपर्यंत बिल फ्रिंडल. नेहमीच्या स्कोअरबुकात गोलंदाजाच्या चौकोनात सहा ठिपके पडतात आणि कुठला चेंडू कुठल्या फलंदाजानं खेळला हे नंतर सांगता येत नाही. फ्रिंडल यांची ओळवार पद्धत वेगळी होती. ती ऑस्ट्रेलियाचे बिल फर्ग्युसन यांच्या पद्धतीवरून आलेली. एक ओळ म्हणजे एक षटक. डावीकडे घड्याळाची वेळ, मग दोन एंडांचे दोन गोलंदाज, मग दोन फलंदाज, प्रत्येकासमोर त्यानं खेळलेले चेंडू. धावेच्या आकड्याच्या डोक्यावर दिशेचा छोटा आकडा, चुकलेल्या, कड लागलेल्या, पॅडवर आदळलेल्या चेंडूंना वेगवेगळ्या खुणा. उजवीकडे षटकाअखेरची बेरीज. पन्नास किती चेंडूंत झाले, कुठल्या गोलंदाजानं कुणाला किती वेळा चकवलं, हे त्या कागदावर बोट ठेवून सांगता यायचं, आणि चिठ्ठी समालोचकाच्या हाताशी सरकवली जायची. आज तुमच्याकडे याच्या शंभरपट आकडे पडद्यावर आहेत. पण त्यातला आत्ता कामाचा कुठला, हे निवडून देणारा माणूस बॉक्समध्ये बसलेला नसतो. म्हणून आकडे येतात आणि कुणी त्यांच्याकडे पाहतही नाही.

जॉन्स्टन यांच्या हसण्याबद्दलही एक सांगायचं आहे. ऑगस्ट १९९१, ओव्हल. बोथम तोल जाऊन यष्टीवर बाद झालेला, जोनाथन ॲग्न्यू यांचा एक चावट शेरा, आणि जॉन्स्टन हसता हसता बोलू शकेनात. सगळे ती हसण्याची गंमत आठवतात. पण ते तुकडे तुकडे करत काय बोलू पाहत होते? धावफलक. दिवसाचा धावफलक वाचण्याचं काम चालू होतं, आणि श्वास मिळेल तसं ते वाचतच होते. श्रोत्यांनी पाठवलेले केक, टोपणनावं, श्रोत्यांची पत्रं, हा सगळा मजेचा कारभार त्या कामाच्या पाठीवर उभा होता. पावसात खेळ थांबला की याच बॉक्समधल्या गप्पा तासन्‌तास ऐकाव्याशा वाटायच्या, कारण खेळ चालू असताना त्यांनी गप्पांसाठी चेंडू सोडलेला नसायचा.

दूरचित्रवाणीचा नियम याच्या उलटा, आणि तो बेनॉ यांनी सर्वांत चोख पाळला. ऑस्ट्रेलियाचा १९५६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर ते बीबीसीत दूरचित्रवाणीचं काम शिकायला थांबले, तेव्हा ते अजून खेळाडूच होते. घोड्यांच्या शर्यतींचे समालोचक पीटर ओ'सलिव्हन यांची तयारी त्यांनी जवळून पाहिली, गोल्फचे हेन्री लाँगहर्स्ट आणि टेनिसचे डॅन मास्केल यांच्या शांततेचा अभ्यास केला. त्यांचं सूत्र : चित्रात भर घालता येत असेल तरच बोला, नाहीतर गप्प बसा. त्यासाठी मैदानाकडे न बघता मॉनिटरकडे बघायचं, कारण घरच्या माणसाला तेवढंच दिसतंय. झेल सुटला तर त्याला शोकांतिका म्हणायचं नाही. संघाबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायचं नाही. १९८१ च्या हेडिंग्लेवर बोथमचा षटकार प्रेक्षकांत गेला तेव्हा ते म्हणाले की तो शोधायच्या भानगडीत पडू नका, मिठाईच्या दुकानात शिरून बाहेरही आलाय. वाक्य एकच, चेंडू उतरल्यावर, आणि परत शांतता.

आणि मैदानाचा आवाज. गोंगाटात समालोचकाचा शब्द स्वच्छ यावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी वरच्या ओठाला टेकवून धरायचा रिबन माइक बनवला. तोंड आणि माइक यांतलं अंतर कायम राहतं आणि मागचा गलका आत येत नाही. मग मैदानाचा आवाज वेगळ्या माइकवरून, हवा तेवढा मिसळता येतो. लॉर्ड्सचं नवं मीडिया सेंटर १९९९ मध्ये झालं ते बंद काचेचं. 'टेस्ट मॅच स्पेशल'च्या खोलीला मात्र उघडणारी खिडकी ठेवून घेतली गेली, कारण मैदान कानांना लागल्याशिवाय समालोचकाचा सूर बसत नाही. तुमच्याकडे स्टंपमध्ये माइक आहेत, सीमारेषेवर माइक आहेत. ते ऐकू येत नाहीत, कारण वरून कुणीतरी सतत बोलत असतं.

हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं होतं असंही नाही. तिशीच्या दशकात मुंबईत बॉबी तल्यारखान एकट्यानं दिवसभर इंग्रजी कॉमेंट्री करायचे आणि माइक वाटून घ्यायला त्यांचा नकार असायचा. पुढे अनंत सेटलवाड, सुरेश सरैया यांनी आकाशवाणीवर आधी स्कोअर, मग बाकीचं, हा पाठ इमानानं चालवला.

तेव्हा आमचं मागणं असं. कसोटीच्या प्रत्येक प्रक्षेपणात भाषा निवडायची सोय तुम्ही देताच, तिथेच रेडिओच्या पद्धतीचा एक इंग्रजी पर्याय द्या. तो त्याच स्ट्रीममध्ये असू द्या. पूर्वी टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावता यायचा, कारण दोन्ही एकाच वेळी पोचायचे. आता प्रत्येक स्ट्रीम वेगवेगळ्या सेकंदांनी मागे असतो आणि विकेटची बातमी चित्राच्या आधी किंवा नंतर येते. माणसं किती लागतील? पाळीनं बोलणारे तीन समालोचक, दोन तज्ज्ञ, एक स्कोअरर. षटकांमध्ये जाहिरात नको, ती उपाहारात आणि चहापानाला घ्या. षटक संपलं की संघाचा स्कोअर आणि दोन्ही फलंदाजांच्या धावा, आणि दर पाच षटकांनी बाद झालेल्यांसह पूर्ण धावफलक. क्षेत्ररचना नवीन गोलंदाज आला की स्लिपपासून फिरत एकदा सांगा, मग फक्त बदल सांगा. समालोचकांची निवड करताना खेळलेल्या सामन्यांची संख्या विचारू नका. त्यांना बंद खोलीत एक सत्र बोलायला लावा, आणि चित्र न पाहिलेल्या माणसाला त्यावरून धावफलक लिहायला सांगा. त्याचा धावफलक बरोबर आला तर माणूस कामाचा आहे. मालिका चालू असेपर्यंत दर सामन्यानंतर एक तास सगळ्यांनी मिळून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका.

नेहमीच्या दूरचित्रवाणी कॉमेंट्रीसाठी मागणं एकच : गोलंदाज धावायला लागल्यापासून चेंडू यष्टिरक्षकाच्या किंवा क्षेत्ररक्षकाच्या हातात जाईपर्यंत एकाच माणसानं बोलावं, किंवा कुणीच बोलू नये.

पुढच्या घरच्या मालिकेतल्या एका कसोटीपुरतं हे करून पाहावं आणि किती जणांनी तो पर्याय शेवटपर्यंत लावून ठेवला याचा आकडा जाहीर करावा, ही विनंती.

आपले,
कसोटी क्रिकेट कानांनी ऐकत आलेले काही मराठी श्रोते